दुसऱ्या हॉर्नचा कागद

पगाराच्या वहीत तो सापडतो
आचारी आणि शिकारी कुत्र्यांचा रखवालदार यांच्या मधल्या ओळीत:
लोरेंझ हेरूडेक, संगीतकार.
वर्षाला एकशेवीस गुल्डन,
सरपणाच्या सहा गाड्या, राईची चार पोती,
मेणबत्त्या चरबीच्या
(मेणाच्या फक्त चॅपेलसाठी),
दर दोन वर्षांनी एक निळा डगला,
बटणं परत करायच्या बोलीवर.

आईनं ठेवलेलं नाव वाव्रिनेत्स.
ते इथल्या कारकुनाच्या जिभेला वळेना.
पुढं आडनावही तीन तऱ्हांनी लिहिलं त्यानं,
आणि एका हिवाळ्यात नुसतंच
"तो बोहेमियन. बूट दुरुस्ती."

ड्यूकला बासून वाजवायचा नाद.
दमा होता, बोटं जाड,
आणि जहागीर एवढीशी
की नकाशावर अंगठा ठेवला तर झाकून जावी.
हेरूडेकनं एकशेचौदा रचना केल्या बासूनसाठी.
ड्यूक जिथं हटकून चुके
त्या जागा त्याला पाठ झाल्या होत्या;
नेमक्या तिथं तो ट्रम्पेट घाली.
दरबारी म्हणत, काय भव्य शेवट!
ड्यूक घाम पुसत मान डोलवी.
ही कला कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

दुसरं संगीत तो रात्री लिही, म्हणतात.
म्हणतात, कारण ते कुणी ऐकलेलं नाही.
नक्कलनवीस पिऊन पडलेला असे,
म्हणून मुलगी, आपोलोनिया, कागद उतरवी.
तिच्या स्वरांच्या शेपट्या डावीकडं झुकतात,
वाऱ्यात उभ्या असल्यासारख्या.

ड्यूक गेला.
मुलाला घोड्यांचा शौक.
वाद्यवृंद एका गुरुवारी जेवणाआधी बरखास्त झाला.
डगला मोजून घेतला: बटणं अकरा, एक कमी,
तिचे पैसे कापले.
स्वरलिपीची चार कपाटं चीजवाल्याला, वजनावर.
त्या वर्षी या खोऱ्यात
कितीतरी घरांनी चीज सोडून घेतलं असेल
कुणाच्या तरी अडाज्योतून.
हेरूडेक कुठं पुरला, वहीत नाही.
वही पगाराची होती.

मी टपाल वाटतो. रविवारी गावच्या बँडमध्ये हॉर्न,
तोही दुसरा.
म्हणून श्रीमती त्सिग्लिट्झनी ग्रंथालयातून हाक मारली:
तुमच्या कामाचं काहीतरी निघालंय,
एका जमीनदाव्याच्या पुठ्ठ्याआड चिकटवलेलं.
एक पान. दुसरा हॉर्न. बाकी काही नाही.
आधारस्वर, पंचम, पुन्हा आधारस्वर,
मग विराम. सत्तेचाळीस मात्रांपुरता नव्हे,
सत्तेचाळीस अख्ख्या घरांचा.
त्याच्या रात्रीच्या संगीतातून आपल्या हाती आली ती
बहुतेक ही थांबायची जागा.

समासात कुण्या वादकानं पेन्सिलीनं लिहिलंय:
"थंडी. ओठ फुटलेत. याच्यासारखं हा दुसरं लिहीत का नाही?"

आणि विराम संपायच्या जरा आधी,
वादकानं जागं व्हावं म्हणून,
आपोलोनियानं बारीक अक्षरात
पहिल्या व्हायोलिनचे सहा स्वर टिपलेत.
वाजवायचे नाहीत ते. फक्त ऐकायचे,
आणि मग आपण शिरायचं.
सहा स्वर. वर चढतात,
पाचव्यावर विचार बदलल्यासारखे खाली पाहतात,
सहावा तुटका: तिथून माझी ओळ सुरू.

पानाची नक्कल स्वयंपाकघरात टेकवून ठेवलीय.
हॉर्न मांडीवर, पाय जमिनीवर ताल धरून.
बायको दारात: वाजवत का नाहीस?
मी बोट वर केलं, गप्प राहा म्हणून.
एकतीस. बत्तीस.
त्रेचाळीसला किटली ओरडली,
मोजणी चुकली.
ती गॅस बंद करून समोरच्या खुर्चीत बसली.
मी पुन्हा एकपासून.